होल्ड

मालिकेतली सून दार उघडायला गेली
आणि कडीवर हात ठेवून तशीच थांबली.
तिच्या कपाळावर चाक फिरू लागलं.
हे म्हणाले, बंद कर, चालू कर.
बंद केला, चालू केला.
सून दाराशीच.

शर्वाणीने जाताना कागदावर लिहून ठेवलंय :
राउटरचा प्लग काढा, दहा मोजा, मग लावा,
हिरवा दिवा येईपर्यंत कशाला हात लावू नका.
मी वीसपर्यंत मोजते.
एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडसेट लावून मी माणसं थांबवली,
सुरतेचा दलाल, बाळंतिणीचा बाप,
होल्ड करो, लाइन बिझी छे,
त्यांचे श्वास मला इकडे ऐकू यायचे.
आता मी होल्डवर
आणि पलीकडे कोण बसलंय, पत्ता नाही.

उत्तरायण होऊन चार दिवस झालेले.
दांडिया बाजारातल्या तारातारांवर पतंग लोंबत होते.
मांजानेच कापली असणार, यांचं ठाम मत.
काठी घेऊन गच्चीवर गेले,
अर्ध्या तासाने दोन पतंग घेऊन उतरले,
एक तर अगदी धड, जांभळा.
चाक फिरतच होतं.

मग ध्रुविल आला, खांद्यावर वायरचं वेटोळं,
बूट दाराबाहेर जोडीने काढून ठेवणारा मुलगा.
‘मासी, राउटर ऊपर डब्बो मूक्यो छे?’
लीला चिवड्याचा. पत्र्याचा. भरलेला.
तिथे ऊब असते, चिवडा सादळत नाही,
खरं होतं ते सांगून टाकलं.
तो हसला नाही. डबा उतरवला,
राउटर कपाटावर, रिकाम्या सुटकेसवर चढवला,
मोबाइलमध्ये आकडा दाखवला, ऐंशी.
‘लाइन तो सरस छे.’
जाताना चिवडा घेतला, दोनदा.
सुनेने दार उघडलं. बाहेर दूधवाला होता.
एवढ्यासाठी!

रात्री मला झोप येत नव्हती.
आवाज बारीक करून लावला, तर या वेळी चाक नाही,
अक्षरं :
हे खातं सध्या दुसरीकडे सुरू आहे.
आणि खाली, शर्वाणीचा टॅब, बंगळुरू.
आमचा प्लान स्वस्तातला, एका वेळी एकच पडदा.
घड्याळात एक चाळीस.
नऊ वाजता फोनवर म्हणाली होती,
झोपतेच गं आता, उद्या लवकर मीटिंग आहे.

मागे गेले, तिचं नाव दाबलं.
कोण कुठले लोक तंबूत केक भाजतात,
तसले भाग, एकाखाली एक,
प्रत्येकाखाली तांबडी रेघ, कुठवर पाहिलं त्याची.
सोमवारी चार. मंगळवारी पाच. बुधवारी सहा.
केक तिला कधीच आवडला नाही.

नियम असा होता : जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा.
मी नेहमी काढला नाही.
एकदा गोध्याहून लागलेला एक कॉल,
तीन मिनिटं दोन्हीकडून कुणी बोललं नाही.
मी मध्ये पडून म्हटलं, थ्री मिनिट्स ओव्हर.
बाई म्हणाली, वाढवा.
मी वाढवला.
त्यानंतरही कुणी बोललं नाही.

पडद्यावर बटण होतं,
तिकडचं थांबवून इथे पाहा.
मी रिमोट उशाखाली सरकवला.
चार भाग झाले की ते यंत्र मधेच थांबून विचारतं,
अजून पाहताय का?
तिला विचारेल आता, थोड्या वेळात.

सकाळी यांनी विचारलं, रात्री चालला का नीट?
म्हटलं, लाइन बिझी होती.
आणि चिवड्याचा डबा
होता तिथेच, जमिनीवर राहू दिला.